मृदू भार

सबनीस मंडळी दहा दिवसांनी वेळणेश्वरहून नाशिकला परतली, तेव्हा घर लख्ख होतं. फरशी पुसलेली, उशांचे अभ्रे धुऊन घड्या घातलेले, ओट्यावर चहाचा एक थेंबही नाही. वृंदाला नेमकं तेच खटकलं.

"परक्याचं घर इतकं आवरून कोण जातं?" चपला न काढताच ती म्हणाली. "काहीतरी मोडून ठेवलंय."

"बॅगा तरी खाली ठेवू दे," तिचा नवरा श्रीरंग म्हणाला.

पण वृंदा एव्हाना खोल्या तपासत निघाली होती. निर्यातीच्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला आहे, हे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ती अधिकारी होती. कंटेनर बोटीवर चढणार की माघारी जाणार, हे तिच्या सहीवर ठरायचं. पुराव्याशिवाय ती कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि पुरावा हाती आला की कुणाची गय करत नसे. तिसऱ्या मिनिटाला तिला हवं ते सापडलं. पॅसेजमधल्या बाथरूमच्या बेसिनला काठापासून जाळीपर्यंत केसासारखा बारीक तडा गेला होता. शेजारची टॉवेलची दांडी एका बाजूने निखळून लोंबत होती.

"श्रीरंग, इकडे ये. बघ तुझ्या सज्जन पाहुण्यांची करामत!"

श्रीरंगचे वडील, अण्णा, हॉलमध्ये सोफ्यावर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते बाथरूम एरवी तेच वापरत. हाक त्यांनाही ऐकू गेली, पण ते उठले नाहीत. त्यांनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला.

तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या, ही 'घरपालट'वरून सुट्टी काढायची पद्धत एव्हाना चांगली रुळली होती. खानविलकरांचं समुद्राकाठचं घर दिवाळीपुरतं सबनिसांना मिळालं होतं, आणि शर्वरी खानविलकर, तिचा नवरा आणि दोन मुली तेवढे दिवस नाशिकच्या या फ्लॅटमध्ये राहून गेले होते. ओळख ना पाळख, तरी घराची किल्ली हातात द्यायची, हे धाडस लोक करू लागले ते स्पंदलेपामुळे.

काही स्फटिक असे असतात, की त्यांच्यावर दाब पडला की त्यांतून क्षणभर वीज निघते. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते ती याच गुणामुळे. असल्या स्फटिकांची पीठासारखी पूड रंगाखालच्या पुट्टीत मिसळली आणि ती भिंतींना लावली, की अख्खी भिंत कातडीसारखी जाणती होते. घरात कुठेही काही आपटलं, की त्याचा हादरा एका भिंतीला आधी पोचतो, दुसरीला किंचित नंतर. त्या फरकावरून जागा काढता येते. स्टील पडलं तर कंप वेगळा, काच पडली तर वेगळा, लाकडाचा आणखी वेगळा. हे सगळं मीटरच्या शेजारच्या एका डबीत साठत राहतं. हा लेप आधी पुलांसाठी आला. खांबाला चीर पडायच्या आधीच तो सांगायचा. मग कुणीतरी तो घरात आणला.

त्यात कॅमेरा नव्हता, आणि कायद्यानं माणसांचं बोलणं त्यातून गाळून टाकलं जायचं, म्हणून कुणी फारशी हरकत घेतली नाही. पावलं मात्र गाळली जात नव्हती, आणि माणसाची चाल ही त्याच्या सहीइतकीच ज्याची त्याची असते. दोन-चार वर्षांतच लोक दुसऱ्याच्या घरी मोजे घालून, पेले दोन्ही हातांनी धरून वावरायला शिकले. पोरांना दहा-दहा दिवस 'धावू नको' हेच ऐकावं लागायचं. 'चुकून झालं असेल' हे वाक्य हळूहळू बोलण्यातून गेलंच, कारण कसं झालं ते आता सेकंदासकट माहीत असायचं.

बॅगा उघडायच्या आत शर्वरीचा निरोप आला. 'वृंदाताई, घर छान ठेवलंत. फक्त ओट्याच्या कडेचा टवका उडालाय. नोंद जोडली आहे.'

वृंदाने नोंद उघडली.

'मंगळवार, सकाळी ११.४०. स्वयंपाकघर, ओट्याची उजवी कड. धातूची वस्तू, सुमारे अडीच किलो, पाऊण फुटावरून. जवळची पावलं : पाहुणा क्रमांक दोन. ११.५१ : त्याच जागी काचेची बरणी, सुमारे सातशे ग्रॅम. पुढचे सहा दिवस बरणी हललेली नाही.'

कुकर हातातून निसटला होता, हे खरं. टवका उडालेला पाहून तिने मिठाची बरणी त्यावर सरकवली होती, तेही खरं. निघताना सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग विसरले, असं आता स्वतःला सांगून पाहिलं. ती विसरली नव्हती.

तिने लगेच फोन लावला.

"टवका माझ्या हातून उडाला, मान्य. दगडकामाचा माणूस पाठवते. पण आमच्या बेसिनचं काय?"

"कुठलं बेसिन?" शर्वरीचा आवाज थंड होता.

"पॅसेजमधलं. उभा तडा गेलाय. दांडी उखडलीये."

"आम्ही ते बाथरूम वापरलंच नाही. मुली आतल्यातच जायच्या. आणि आमच्या हातून झालं असतं, तर तुमच्या भिंतींनी सांगितलं नसतं का?"

"तेच विचारतेय. भिंतींना कळू न देता फोडलंत कसं?"

शर्वरी म्हणाली, "फोडून वर बरणी ठेवायची रीत आमच्या घरात नाही, वृंदाताई."

फोन बंद झाला.

पाहुणे राहत होते त्या दहा दिवसांच्या नोंदीत बेसिनपाशी कसलाच आघात नव्हता, हे वृंदाने तीनदा तपासलं. म्हणजे एकतर यंत्र चुकलं, नाहीतर खानविलकरांनी काही लबाडी केली. आपलंच बेसिन आधीपासून तडकलेलं असेल, हे तिच्या मनात आलंच नाही. अशा वादांसाठी 'घरपालट'मध्ये एक सोय होती. घरमालकाने मागितली, तर आधीच्या नव्वद दिवसांची नोंद उघडता येत असे; पाहुणे यायच्या आधी बेसिन धड होतं, हे तिला त्यातून सिद्ध करायचं होतं. पण ती घरातल्या जोडप्याला आणि पाहुण्यांना एकाच वेळी खुली व्हायची, आणि एकदा उघडली की मिटता येत नसे.

"कशाला मागवतेस?" जेवताना श्रीरंग म्हणाला. "नवं बसवू. एका दिवसाचं काम."

"बेसिनचं नाहीये काही. ती मला खोटारडी म्हणाली."

"बरणी तूच ठेवली होतीस ना?"

वृंदाने ताटातली भाकरी बाजूला सारली.

"राहू दे ते," अण्णा अचानक म्हणाले. ते डाव्या हाताने चमचा धरून वरणभात खात होते. "जुनंच होतं ते बेसिन." महिनाभरात सुनेशी ते एवढंही बोलले नव्हते.

"अण्णा, तुम्ही यात पडू नका," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेल्या गेल्या तिने ती नोंद उघडायला संमतीचा अंगठा दाबला.

तीनच्या सुमाराला शर्वरीचा फोन आला. "नोंद आली. वाचलीत?"

"कामात होते."

"मग आधी वाचा. चोवीस ऑक्टोबर, दुपार. आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं तोंड राहिलं, तर फोन करा."

नमुने ठेवायच्या खोलीत फ्रीजच्या दोन रांगांमध्ये एक स्टूल होतं. वृंदा त्यावर बसली. चोवीस ऑक्टोबर म्हणजे सुट्टीवर निघायच्या पंधरा दिवस आधी.

'दुपारी २.१५. पॅसेजमधलं बाथरूम. मृदू भार, सुमारे एकसष्ट किलो. पहिला आघात : बेसिनचा काठ. दुसरा : टॉवेलची दांडी. तिसरा : फरशी. भार फरशीवर स्थिर.'

हे यंत्र सामानाची मोडतोड ओळखायला शिकलं होतं. जे पडल्यावर खणखणत नाही, ठणठणत नाही, त्याला ते मृदू भार म्हणायचं. धान्याचं पोतं, गादी, माणूस.

'२.१९ पासून भिंतीवर ठोके. धातू, हलका. एकूण सतरा. २.२३ : पॅसेजमध्ये पावलं, रहिवासी क्रमांक दोन. बाथरूमच्या दारासमोर थांबली. बावीस सेकंद. माघारी फिरली. २.४१ : तीच पावलं, दारावरून स्वयंपाकघराकडे. थांबली नाहीत. २.५४ : शेवटचा ठोका. २.५७ : भार हलला.'

आणि खाली यंत्राने आपण होऊन जोडलेली एक ओळ. 'रहिवासी क्रमांक तीन : दोन पावलांतलं अंतर आधी चव्वेचाळीस सेंटीमीटर. या घटनेनंतर एकतीस.'

रहिवासी क्रमांक दोन म्हणजे वृंदा.

तिला तो दिवस आठवला. सकाळी मोठं भांडण झालं होतं. सुट्टीचे दहा दिवस अण्णांनी संगमनेरला लेकीकडे, सुमनताईंकडे राहावं, असं वृंदाने सुचवलं होतं. अण्णा भडकले होते. "मी काय बॅग आहे, हिच्या घरी ठेवा नाहीतर तिच्या?" दुपारी वृंदा घरूनच काम करत होती. मीटिंग चालू होती, कानांवर हेडफोन होते. पडल्याचा आवाज तिला आला नव्हता, हे अगदी खरं. मीटिंग संपून हेडफोन काढले तेव्हा ठोके ऐकू आले. अण्णांना ठोकायची सवयच होती. चहा हवा की टेबलावर पेला ठोकायचे, रिमोट सापडला नाही की जमिनीवर काठी. वृंदा बाथरूमच्या दारापर्यंत गेली. आतून आणखी दोन ठोके आले. कडीच्या दिशेने गेलेला तिचा हात मध्येच थांबला. तिच्या मनात आलं होतं, ठोकू दे. आज मी नाही धावणार.

यंत्राला बावीस सेकंद कळले होते. हे कळलं नव्हतं.

शर्वरीचा निरोप येऊन पडला. 'बेसिनचा दावा मागे घ्या. नाहीतर ही नोंद तक्रार समितीपुढे ठेवेन. तिथे ती सगळ्यांना वाचता येते.'

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा श्रीरंग जेवणाच्या टेबलाशी बसला होता. फोन समोर पालथा ठेवलेला.

"तू घरात होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मीटिंग होती ना तुझी त्या दिवशी? हेडफोन असतील कानात. ऐकू आलं नसेल."

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिला कळलं, की तो विचारत नाहीये, उत्तर हातात देतोय. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिच्या कानांनी काय ऐकलं, याची नोंद जगातल्या कुठल्याही भिंतीत नव्हती. पंचवीस वर्षांच्या संसारात श्रीरंगने त्या एका शब्दावर विश्वास ठेवला असता, आणि विषय तिथेच संपला असता.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

श्रीरंगने मान वर केली.

"मला वाटलं, मुद्दाम ठोकताहेत. दार उघडलं असतं तर पुन्हा सकाळचंच सुरू झालं असतं. मी म्हटलं, ठोकू देत. आणि परत गेले."

"एकदा नुसती हाक मारायला काय झालं होतं तुला?"

"हाक मारली असती तर त्यांनी ओ दिली असती. मग मला जावं लागलं असतं."

"चाळीस मिनिटं, वृंदा! माझा बाप चाळीस मिनिटं फरशीवर पडला होता आणि तू स्वयंपाकघरात जाऊन काय केलंस? चहा?"

"हो. चहा."

त्याने खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली, की ती आडवी झाली. त्याचीही नोंद झाली असणार.

"सतरा नव्हते ते," आवाज खोलीच्या दारातून आला. अण्णा चौकटीला धरून उभे होते. "वीस तरी असतील. स्टीलच्या मगाने ठोकत होतो. तीन तुमच्या भिंतीने गिळले."

"अण्णा, मला का नाही सांगितलंत?" श्रीरंग ओरडला. "कपाटाचं दार लागलं म्हणालात मला!"

"तुला सांगून? तू हिला विचारलं असतंस, ती म्हणाली असती ऐकू नाही आलं, आणि मी खोटा ठरलो असतो."

वृंदा म्हणाली, "तुम्ही हाक तरी मारायची होतीत."

"पहिल्यांदा आवाजच निघेना. छातीत श्वास भरेना. मग तुझी पावलं ऐकली. मला चालीवरून कळतं कोण आहे ते, भिंतीची गरज नाही. म्हटलं, आली. थांबली. आता दार ढकलेल." अण्णा दम घ्यायला थांबले. "मग गेलीस. त्यानंतर आवाज फुटला होता. पण हाक मारायची लाज वाटली."

"तुम्ही पडलाय हे मला माहीत नव्हतं, अण्णा. खरंच नव्हतं."

"ते तुझं तुला माहीत. मी पंचवीस दिवस वाट पाहिली. म्हटलं, एकदा तरी विचारेल, अण्णा, त्या दुपारी एवढं काय ठोकत होतात? समुद्रावर गेलो, दहा दिवस एका टेबलावर जेवलो. नाही विचारलंस. बेसिन कुणी फोडलं, हे मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारलंस."

वृंदाने आडवी पडलेली खुर्ची उचलून उभी केली.

श्रीरंग काहीतरी करायला हवं म्हणून बोलू लागला. स्पंदलेप बसवणाऱ्यांकडे आणखी एक सोय होती. घरात कुणी पडलं, की सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजे. "ती उद्याच चालू करतो. ऑफिसात असलो तरी कळेल."

"कळण्याची अडचण नव्हती रे," अण्णा म्हणाले. "भिंतीला कळलं होतं. हिलाही कळलं होतं."

ते वळले आणि भिंतीच्या आधाराने, एकतीस-एकतीस सेंटीमीटरची पावलं टाकत आत गेले.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरलं. उजव्या गळपट्टीचं हाड मोडून आपलं आपण वाकडं सांधत आलं होतं. "हात खांद्याच्या वर जाणार नाही आता," ते म्हणाले. "महिनाभर घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? जेवताना, शर्ट घालताना?" वृंदाला डाव्या हातातला चमचा आठवला. तिने तो रोज पाहिला होता.

त्याच दुपारी तिने 'घरपालट'वर बेसिनचा दावा मागे घेतला. कारणाच्या रकान्यात तयार पर्याय होते. 'गैरसमज', 'परस्पर समेट', 'इतर'. तिने 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'बेसिन आमच्या घरातल्या माणसाच्या पडण्याने तडकलं. मी घरात होते. पाहुण्यांचा काहीही दोष नाही. त्यांच्या ओट्याचा टवका माझ्याकडून उडाला आणि मी तो लपवला.' शर्वरीला तिने वेगळा निरोप पाठवून माफी मागितली.

शर्वरीने माफीला उत्तर दिलं नाही. आठवड्याने तिचा अभिप्राय मात्र सबनिसांच्या घराखाली झळकला. 'घर स्वच्छ, हवेशीर. माणसांबद्दल काही बोलत नाही. नोंद सोबत जोडली आहे, ज्याने त्याने वाचावी.' वाचणाऱ्यांनी वाचली. मे महिन्यासाठी कबूल झालेलं चिखलदऱ्याचं कुटुंब कारण न देता मागे फिरलं. प्रयोगशाळेत वृंदा चहाला गेली, की टेबलावरचं बोलणं बंद पडायचं. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी लिफ्टमध्ये तिला विचारलं, "सासरे बरे आहेत ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत त्या उतरून गेल्या.

अण्णा संगमनेरला गेले. त्यांनी स्वतःच सुमनताईंना फोन केला होता. गाडी वृंदानेच चालवली, कारण श्रीरंगला त्या दिवशी रजा मिळाली नाही. निदान तो तसं म्हणाला. दोन तासांच्या वाटेत अण्णा एकदाच बोलले, काच वर करायला सांगण्यासाठी. पोचल्यावर तिने कोपराला धरायला हात पुढे केला. त्यांनी कठडा धरला आणि तिन्ही पायऱ्या एकट्याने चढले. सुमनताईंनी तिला पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत. उभ्यानेच पाणी पिऊन ती परतली.

घरी श्रीरंग अण्णांच्या खोलीत झोपू लागला. कामापुरतं बोलायचा. एकदा ती म्हणाली, "खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का?" तो म्हणाला, "मला बरं झालं असतं."

वृंदा दर रविवारी संगमनेरला जाऊ लागली. जा असं कुणी म्हणालं नव्हतं, ये असंही नाही. सुमनताई दार उघडून आत निघून जायच्या. अण्णा ओसरीवर पेपर वाचत असायचे. ती समोरच्या खुर्चीत तासभर बसायची. पहिल्या रविवारी त्यांनी पेपर खालीच केला नाही. दुसऱ्या रविवारी ते आत जाऊन झोपले. तिसऱ्या रविवारी तिने, "खांदा कसा आहे?" असं विचारलं. ते म्हणाले, "आहे तिथेच आहे." चौथ्या रविवारी श्रीरंग म्हणाला, "कशाला जातेस? त्यांना त्रासच होतो." ती तरीही गेली.

सहाव्या रविवारी पेपर वाचून झाल्यावर अण्णांनी खिशातून काहीतरी काढून मधल्या स्टुलावर टाकलं. नेलकटर होतं.

"सुमन फार खोल कापते," ते म्हणाले. "रक्त काढलं परवा. मला वाकता येत नाही, आणि या हातात जोर नाही."

वृंदा खुर्चीवरून उठून फरशीवर बसली. त्यांनी पाय पुढे केला. टाच भेगाळलेली होती. नखं जाड, पिवळी, कडेला आत वळलेली. तिने पाय मांडीवर घेतला.

"हळू," अण्णा म्हणाले.

"हो."

"अंगठ्याचं सरळ काप. कोपरे नको."

"बरं."

दहाही नखं व्हायला बराच वेळ लागला. शेवटचं झाल्यावर त्यांनी पाय काढून घेतला, चपलेत घातला आणि पेपर पुन्हा उचलला. ती तुकडे गोळा करत होती, तेव्हा पेपरामागून ते म्हणाले, "महिन्याने पुन्हा वाढतील."

वृंदाने तुकडे कागदात गुंडाळले आणि ती कचऱ्याचा डबा शोधायला आत गेली.